बिलिंग्जचं वाक्य

एकतीस नंबरच्या बसमधून उतरताना लेलँड प्रुइटच्या डोक्यात गुडघ्यांखेरीज दुसरा विचार नव्हता. दोन पायऱ्या. आधी डावा पाय, मग उजवा, आणि ड्रायव्हरने 'सांभाळून' म्हणायच्या आत जमिनीवर असायचं. ते साधलं. नदीकडून वारा येत होता. एप्रिल उजाडला होता तरी वाऱ्यात अजून फेब्रुवारीच होता. रिव्हरमेन हा बेसबॉल संघ बाहेरगावी खेळायला गेलेला, त्यामुळे मैदानाची फाटकं बंद होती आणि समोरच्या फरसबंदी चौकात एक झाडूवाला आणि पॅट डोब्रान्स्की एवढेच. पॅट क्लबकडून पुतळा समितीचं काम बघायची. तिने एका करड्या रंगाच्या लाकडी खोक्यावर हात ठेवला होता. "उंचीचा अंदाज यावा म्हणून सुताराकडून करून घेतलंय," ती म्हणाली. "खरा चौथरा ग्रॅनाइटचा. समितीतल्या सगळ्यांनी येऊन बघितलं, तुम्हीच राहिला होतात." खोक्याच्या दर्शनी बाजूला छापील कागद चिकटवला होता. पितळी पाटीवर मजकूर कसा दिसेल, याचा नमुना. लेलँडने चष्मा नाकावर खाली ओढला. 'रे रुझिका. १३ जुलै १९७४. नऊ डाव, एकही हिट नाही.' आणि त्याखाली, तिरप्या अक्षरांत, अवतरणचिन्हांत: 'चेंडू माझा होता. दोष माझा, दिवस रेचा. – लोनी बिलिंग्ज.' जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं त्याला झालं. त्याने खोक्याला हात टेकला. खोकं हललं. आत काहीच नव्हतं.

"हे कशाला?" तो म्हणाला.

"म्हणजे काय? सगळ्या शहराला पाठ आहे ते. बाबांनी आमच्या फ्रिजवर लावलं होतं, तुमच्याच पेपरातलं कात्रण. आम्ही भावंडं भांडलो की आई म्हणायची, बघा, बिलिंग्ज काय म्हणाला बघा." पॅट हसली. "घाबरू नका, अजून काही ठरलेलं नाही. बिलिंग्जच्या पाटीचाही नमुना केलाय, गाडीत आहे. पण त्यावर नुसते आकडे. उद्या तीन वाजता मतदान. तीन इकडे, तीन तिकडे. सातवे तुम्ही. आता तरी सांगा."

"उद्या सांगतो," लेलँड म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याने खिडकीची जागा घेतली आणि खिडकीबाहेर बघितलंच नाही. समितीत महिनाभर एकच वाद चालला होता. मैदानापुढे पुतळा कुणाचा असावा? एका दुपारचा, की तेरा वर्षांचा? रुझिका या शहरासाठी तीन मोसम चेंडू टाकत होता. एकतीस सामने जिंकला, एकोणतीस हरला, मग खांदा गेला. पण त्या तीन वर्षांत अशी एक दुपार होती की जिच्यात समोरच्या संघातल्या एकालाही त्याच्या चेंडूवर हिट, म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय बेस गाठून देणारा टोला, मिळाला नाही. या शहरात असं एकदाच घडलं. पुढे त्याने पुलापलीकडे बार काढला, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तीच दुपार सांगितली, आणि दोन वर्षांपूर्वी वारला तेव्हा अंत्ययात्रेला रस्ता बंद करावा लागला. बिलिंग्ज तेरा मोसम सेकंड बेसपाशी क्षेत्ररक्षक म्हणून एकाच जागी उभा राहिला. त्याच्याकडे आलेला चेंडू पुढे जात नसे. पण जे घडलंच नाही ते लोक कसं लक्षात ठेवणार? शिल्पकाराने सरळ सांगितलं होतं, रुझिकाचा पाय हवेत, हात मागे, लांबून बघितलं तरी ओळखता येईल. बिलिंग्जचं काय करू? गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला माणूस? त्यावर समितीतला एक विमा एजंट म्हणाला होता, "वाट बघणाऱ्या माणसाचा पुतळा बसथांब्यावर बरा दिसेल." सगळे हसले होते. लेलँडही हसला होता. त्याला आता ते हसू तोंडात राहून गेलेल्या घासासारखं लागत होतं. महिनाभर तो म्हणत होता की दोन्ही बाजू तोलतोय. पण तोलायला काय होतं? तो फक्त कुणी त्या वाक्याचा विषय काढू नये म्हणून गप्प बसला होता, आणि आज ते पितळेत ओतायला निघालं होतं.

ते वाक्य बिलिंग्जचं नव्हतं. ते लेलँडचं होतं.

हे त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि ती जाऊन नऊ वर्षं झाली. त्याने स्वतःलाही कधी असं पूर्ण वाक्यात सांगितलेलं नव्हतं. पायात खुपणारा खडा असला की माणूस जरा वेगळा पाय टाकायला शिकतो, आणि मग तीच त्याची चाल होते. चव्वेचाळीस वर्षं तो असा चालला होता. त्याने राज्याचं बक्षीस घेतलं, स्तंभ चालवला, नव्या पोरांना शिकवलं की नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, आकडा चुकला तर छापायची, लाज वाटून घ्यायची नाही. हॉटेलात बसल्या बसल्या तो मेनूकार्डावरच्या चुका पेन्सिलीने सुधारायचा. आता तो बसमध्ये बसून पुढच्या सीटच्या पाठीवरचे ओरखडे मोजत होता, अकरापर्यंत यायचा आणि परत पहिल्यापासून सुरुवात करायचा.

त्या शनिवारी पत्रकारांच्या खोलीत पंखा बंद पडला होता. त्या काळी सामन्याचा अधिकृत स्कोअरर वर्तमानपत्रातलाच कुणी असे. त्या दिवशी लेलँडची पाळी होती. वय छत्तीस. शर्ट पाठीला चिकटलेला, समोर वही, हाताशी माइक. सातवा डाव, दोन बाद, रुझिकाच्या नावापुढे हिटच्या रकान्यात अजून शून्य. मैदान इतकं शांत झालेलं की शेंगदाणे विकणाराही ओरडायचा थांबला होता. मग चेंडू जमिनीलगत सुटला, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून. बिलिंग्ज डावीकडे झेपावला, आडवा झाला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्याखालून गवतात गेला. फलंदाज बेसवर उभा. हिट, की क्षेत्ररक्षकाची चूक? अडवता येण्यासारखा चेंडू असेल तर चूक, नसेल तर हिट, आणि ते ठरवणारा एकटा लेलँड. पस्तीस हजार माणसं मान वर करून फलकाकडे बघत होती. फलकावरचा माणूस खोलीकडे बघत होता. शेजारी बसलेला गस हॅनमन, तीस वर्षं हेच काम केलेला, चिरूट न काढताच पुटपुटला, "पहिला हिट निखळ हवा, पोरा." हे त्या खोलीत सगळेच मानत. एखाद्याचा असा सामना मोडायचा तर तो संशयाच्या चेंडूवर मोडू नये. लेलँडने संशय शोधला. त्याला सापडला नाही. कुठल्याही माणसाला तो चेंडू अडवता आला नसता, असं त्याच्या डोळ्यांनी त्याला सांगितलं होतं. त्याने माइक ओढला आणि म्हणाला, "चूक. सेकंड बेस." त्या मोसमातली बिलिंग्जची ती पहिली चूक. एकही चूक न करता सलग खेळण्याचा लीगचा विक्रम त्याच्यापासून फक्त चार सामने दूर होता.

बस पुलावर आली. खाली कोळशाच्या होड्या होत्या.

सामना संपल्यावर लेलँड खाली खेळाडूंच्या खोलीत गेला होता. निर्णय बदलायची मुभा अजून होती. रुझिकाला डोक्यावर घेऊन नाचणारे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बिलिंग्ज बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. गाठ सुटत नव्हती. लेलँडने विचारलं होतं, "लोनी, चेंडू अडवता आला असता का?" बिलिंग्जने मान वर केली नव्हती. "तू पाहिलंस ना? जे पाहिलंस ते लिही." एवढंच. मग लेलँड वर आला, पाच चाळीस झाले होते, रविवारच्या अंकाचं पहिलं पान त्याच्यासाठी उघडं होतं, आणि फोनवर डेस्कचा माणूस ओरडत होता, "प्रुइट, बिलिंग्ज काय म्हणाला? चूक करणाऱ्याचं वाक्य पाहिजे! ते नसेल तर बातमी लंगडी!" आणि वाक्य आलं. त्याला शोधावं लागलं नाही. तालासकट आलं, तीन तुकड्यांत, आणि त्याने ते फोनवर अवतरणचिन्हांसह सांगितलं. बिलिंग्ज म्हणाला होता असंच त्याला त्या क्षणी वाटलं. निदान, म्हणायला हवं होतं. एकदा तो चेंडू बिलिंग्जने स्वतःच्या तोंडाने मान्य केला की मग माइकवरचा निर्णय कुणी उकरून काढणार नव्हतं.

बिलिंग्जने कधीच खुलासा मागितला नाही. पुढची सहा वर्षं तो लेलँडला बघून मान हलवायचा, बोलायचा नाही. ही कृतज्ञता होती की काय होतं, लेलँडने ठरवलं नाही. न ठरवणं त्याच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं.

रात्र कशीतरी गेली. सकाळी त्याने अंडं उकडलं आणि सोलून तसंच ठेवलं. दाढी केली, गालाला कापलं, कागदाचा तुकडा चिकटवला. मग पॅटला फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. दुपारी दोनला तो टॅक्सीत होता आणि टॅक्सी पलीकडच्या टेकडीवर चढत होती. बिलिंग्जचं घर त्याला ठाऊक होतं. एका काळ्या माणसाने त्या उतारावर घर घेतलं, तेव्हा त्याची बातमीही लेलँडच्याच पेपरात आली होती.

दार आर्लीन बिलिंग्जने उघडलं. तिच्या हातात भाजीची जुडी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, गालावरच्या कागदाशी थांबली.

"एवढ्या वर्षांनी वाट सापडली म्हणायची," ती म्हणाली. "लोनी! तुझा लेखक आलाय."

बिलिंग्ज स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. त्र्याहत्तर वर्षांचा, मान अजून ताठ, एक पाय स्टुलावर. त्याचे हात टेबलावर होते आणि लेलँडला आधी हातच दिसले. बोटं प्रत्येक सांध्याशी वेगळ्या दिशेला वळलेली, करंगळी तर दुसऱ्याच कुणाची असावी अशी. "बस," बिलिंग्ज म्हणाला. "मत मागायला लोक येतात असं ऐकलं होतं. तू मत द्यायला आलास की काय घरपोच?"

"पाटीवर ते वाक्य घालतायत," लेलँड म्हणाला. "रेच्या पाटीवर."

"माहितेय. त्या डोब्रान्स्कीच्या पोरीने फोन केला होता, परवानगीला. गोड पोरगी आहे."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, ज्याचं आहे त्याला विचार." बिलिंग्जने कॉफीचा घोट घेतला. "ती हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याने विनोद केला."

आर्लीन नळाखाली भाजी धूत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती, पण तिने पाणी बारीक केलं. लेलँडने वाटेत जुळवलेलं सगळं विसरून एकदम सांगून टाकलं. ते वाक्य त्याने रचलं होतं, आणि तेही का, तर आधीचा निर्णय चुकीचा होता म्हणून. तो हिट होता. स्वच्छ हिट. त्याने पाहिला होता आणि तरी चूक दिली, आणि ती चूक झाकायला दुसरी. "तुझा विक्रम मी खाल्ला, लोनी. मी आज समितीला सगळं सांगणार आहे. तो हिट होता." बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याने वाट बघितली. छातीत तसंच होतं, उलट जास्तच, आणि समोर बिलिंग्जच्या चेहऱ्यावर हळूहळू जे येत होतं ते समाधान नव्हतं.

"काय म्हणालास?" बिलिंग्जने विचारलं. "हिट?"

"हो."

"आर्लीन, ऐकलंस? हा म्हणतो तो चेंडू माझ्या आवाक्याबाहेर होता."

"ऐकतेय मी," आर्लीन म्हणाली.

"तो माझ्या हातमोज्याच्या टोकाला लागला." बिलिंग्जने उजव्या हाताने डाव्या हाताचं मधलं बोट धरून दाखवलं. "इथे. दोन दिवस इथे ठणकत होतं. मी अर्धं पाऊल उशिरा निघालो, कारण पाचव्या डावात मी पहिल्या बेसच्या मागून गुडघ्यावर बसून चेंडू फेकला होता आणि तेव्हा माझी मांडी धरली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. मांडी धरली नसती तर तो चेंडू मी झोपेतही अडवला असता. चूक होती. सेकंड बेसची, माझी. तू वर बसून बरोबर दिलंस, आणि तुला पत्ताच नव्हता."

"वरून तसं दिसलं नाही."

"वरून काय दिसतं?"

चव्वेचाळीस वर्षं लेलँडला एकाच गोष्टीची खात्री होती, की त्याने खरं पाहिलं होतं आणि खोटं सांगितलं होतं. आता ते पाहणंही हातातून गेलं. तो पुन्हा तो चेंडू बघायचा प्रयत्न करू लागला. गवत दिसलं, धूळ दिसली, हातमोजा दिसला. हातमोजा हलला होता का? त्याला आता हललेला दिसत होता, आणि या दिसण्यावरही विश्वास ठेवता येत नव्हता.

"मग तू गप्प का बसलास?" तो म्हणाला. "वाक्यात तेच तर होतं. चेंडू माझा होता."

"होता ना. पण ते मी तुला दिलं नव्हतं." बिलिंग्जचा आवाज चढला नाही. "मी तेरा वर्षांत माझी एकही चूक कुणासमोर बोलून दाखवली नाही. घरी येऊन बोलायचो, हिच्यापाशी. ते माझं होतं. तू ते खिशातून काढून घेतलंस आणि गावभर वाटलंस. बरं, तेही चाललं असतं. पुढचं काय? 'दिवस रेचा.'" तो थांबला. "हे कुणी सांगितलं तुला?"

"तसं... त्या दिवशी वाटलं."

"त्या दिवशी सामना एक-शून्य झाला. ती एक धाव कुणाच्या बॅटवर आली?"

"तुझ्या."

"पाचव्या डावातला चेंडू? आठव्यातला, डोक्यावरून जाणारा, जो मी उडी मारून घेतला?"

"तुझा. दोन्ही तुझे."

"तू लिहिलेलंस ते?"

"अकराव्या परिच्छेदात," लेलँड म्हणाला.

सिंकपाशी आर्लीन हसली, कोरडं. "बाई, आकडा मात्र पाठ आहे."

"रे माझा मित्र होता," बिलिंग्ज म्हणाला. "त्याला मी कधी काही बोललो नाही. पण चव्वेचाळीस वर्षं या शहरात कुणीही भेटलं, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, की म्हणतं, वा बिलिंग्ज, केवढं मन तुझं, दिवस देऊन टाकलास. पाठीवर थाप मारतात. बाजूला सरकून उभा राहणारा काळा माणूस लोकांना फार आवडतो, लेलँड. तू त्यांना तो करून दिलास. मी सरकलो नव्हतो. तो दिवस माझाही होता."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजून गेले होते. लेलँडच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. "उचल," बिलिंग्ज म्हणाला, "आणि एक सांगून ठेवतो. माझी कीव येऊन मत देणार असलास तर रेला दे. रेला तरी ते हवं होतं."

लेलँडने फोन कानाला लावला. पॅट म्हणाली, सगळे लवकर आलेत, तुम्ही कुठे आहात, गाडी पाठवू का? तो म्हणाला, गाडी नको, मत घे. आणि त्याला स्वतःलाच नवल वाटलं, की यात आता तोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "बिलिंग्ज," तो म्हणाला. "तेरा मोसम. रोज तीच जागा, रोज तेवढाच वाकायचा. शिल्पकाराला सांग, वाकलेलाच कर. आणि ते वाक्य काढ, पॅट. तो असं म्हणाला नव्हता. मी रचलं."

मग पॅटचा आवाज आला, जपून, आजारी माणसाशी बोलावं तसा. "लेलँड, तुमची तब्येत बरी आहे ना? ते छापून आलंय."

"छापलं मीच."

"पण बाबांनी…" ती थांबली. मागे कुणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं. "बरं. चार-तीन, बिलिंग्ज. मत धरते मी. वाक्याचं यांना काय सांगू तेवढं मात्र मला कळत नाहीये. आणि ते काढून तिथे काय घालू?"

"आज काहीच घालू नकोस," लेलँड म्हणाला आणि फोन बंद केला. बिलिंग्ज खिडकीबाहेर बघत होता. आर्लीनने हात पुसले, कपाटातून तिसरा कप काढला, लेलँडपुढे ठेवला आणि न विचारता भरला. मग लेलँडने कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. आता काही लिहायचं नसलं तरी ती वही तो बरोबर ठेवत असे. त्याने पेन्सिल काढली, कोरं पान उघडलं, आणि विचारलं, "लोनी, त्या दिवशी काय झालं?"

"आता कुठे छापणार आहेस?"

"माहीत नाही. आधी लिहून घेतो."

बिलिंग्जने स्टुलावरचा पाय खाली घेतला. "सकाळी नऊला मी उठलो," तो म्हणाला. "हिने कॉर्नब्रेड केला होता."

"सातव्या डावाचं…"

"सातवा येईल तेव्हा येईल. मध्ये बोलू नकोस. आणि मी म्हणतो तसं लिही, त्यात चांगलं दिसेल असं काही घालू नकोस."

"नाही घालत," लेलँड म्हणाला आणि वाकून लिहू लागला. अक्षर ओळीवरून घसरत होतं, बिलिंग्ज त्याच्यासाठी थांबत नव्हता, आणि तिसऱ्या ओळीतच एक शब्द सुटला. लेलँडने तो मनाने भरला नाही. पेन्सिल उचलली आणि म्हणाला, "थांब. हे पुन्हा सांग."